काकांच्या घरचं नेट

आमच्या घरातला कॉम्प्युटर बाबांच्या ऑफिसनं लिलावात काढलेल्या सामानातून आला होता. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि लिलावात काहीतरी हाती लागलं की त्यांना लढाई जिंकल्यासारखं वाटायचं. याआधी त्यांनी एक फिरती खुर्ची आणली होती, ती फिरायची नाही. कॉम्प्युटर मात्र चालायचा. ऑफिसातल्या एका तरुण इंजिनियरनं त्यात मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकून दिलं होतं, कारण ते फुकट होतं आणि आमच्या घरात फुकट या शब्दाला मान होता. जाताना त्यानं मला बजावलं होतं, "बिटिया, अपडेट लगाओ तो बीच में बंद मत करना, सिस्टम बैठ जाएगा." मी तेव्हा बीसीएच्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेजात विंडोजवाल्या पोरींच्या घोळक्यात आपल्याकडे लिनक्स आहे हे मी नाक वर करून सांगायचे. ते का आहे, हे सांगत नसे.

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बाबांची न फिरणारी खुर्ची, आईची शिलाई मशीन आणि तिच्याच बाजूला हा कॉम्प्युटर. आईची मशीन चालू झाली की टेबल थरथरायचं आणि मॉनिटरवरची अक्षरंही थरथरताहेत असं वाटायचं. खालच्या गल्लीत स्कूटरींचे हॉर्न, तलावाकडून येणारा ओलसर वास, शेजारच्या साहूबाईंच्या घरी सकाळी तव्यावर पडणाऱ्या चिल्याचा, म्हणजे तांदळाच्या धिरड्याचा, चर्र आवाज. साहूबाई चांगल्या होत्या, चिला पाठवायच्या, दारात उभं राहून तासभर बोलायच्या. आई हसून "हव, हव" म्हणत ऐकायची आणि आत आल्यावर मला विचारायची, "काय म्हणे ते?" वर्ध्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या माझ्या आईला हिंदी समजायचं, पण बोलताना तिचा जीव अवघडायचा. भाजीवाल्याशी ती बोटांनीच बोलायची. मी आणि बाबा असताना घरात मराठी व्हायला हवं होतं, पण बाबा दिवसभर ऑफिसात हिंदी बोलून दमलेले असत आणि मी आईच्या प्रत्येक वाक्याला हिंदीतच उत्तर द्यायचे. तिनं "जेवून राहिली का?" विचारलं की मी "हाँ, आती हूँ" म्हणायचे. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. आमच्या वयाची सगळीच पोट्टी तशी बोलायची.

म्हणून तात्यापाऱ्यातल्या काकू आईला लागायच्या. सुधाकरकाका आणि काकू ही मराठी मंडळाच्या ओळखीतली माणसं. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी हिंदीच होती. पण काकूंचं माहेर हिंगणघाटचं होतं आणि आई समोर आली की त्यांची माहेरची बोली उफाळून यायची. दोघी स्वयंपाकघरात पाटावर बसून वांगी चिरत तासन्‌तास बोलत. आई एरवी कधी हसत नाही अशा मोठ्यानं तिथं हसायची. घरी आल्यावरही संध्याकाळभर तिचा आवाज जरा चढलेला असायचा. त्या घराची आईला काय किंमत होती हे मला तेव्हा ठाऊक होतं, हे इथं आधीच सांगून ठेवते. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्यांच्या घरी ब्रॉडबँड होतं. मुलगा, प्रशांतदादा, बायकोला घेऊन नोकरीसाठी युरोपात गेला होता आणि त्याचा चेहरा दिसावा म्हणून काकांनी ते घेतलं होतं. महिन्याला ठरावीक डेटा मिळायचा, तोही तोटकाच, आणि त्यावर एक पाऊल पडलं की प्रत्येक एमबीचे वेगळे पैसे लागायचे. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती माझ्याकडे दयेनं बघतात. आमच्या घरी तर फोनच नव्हता. सदर बाजाराच्या तोंडाशी एक सायबर कॅफे होता, पण तो तासावर पैसे घ्यायचा आणि आपला सीपीयू आणून तिथं जोडू द्यायचा नाही. मग लिनक्सला काही अपडेट हवं असलं की बाबा काकांना ऑफिसातून फोन करत, आणि काका दरवेळी म्हणत, "अरे भाऊ, विचारायचं काय त्यात? घेऊन या." मग आमची वरात निघायची. सीपीयू चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन मी बाबांच्या मागे स्कूटरवर बसायचे, आणि सदर बाजाराच्या गर्दीत एखादा म्हातारा त्या चादरीतल्या चौकोनी आकाराला देव्हारा समजून हात जोडायचा. बाबाही गंभीर चेहऱ्यानं मान हलवायचे. काका नेटचे पैसे घेत नसत, म्हणून आई दरवेळी डबा भरून द्यायची. कधी सांडगे, कधी शेव, कधी तीळ घातलेल्या पुऱ्या.

तोपर्यंतची आमची अपडेटं लहान असायची, चहा होईस्तोवर आटपायची. पण त्या वर्षी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जो कंपायलर लागणार होता तो आमच्या जुन्या लिनक्सवर चढेना. सगळी सिस्टमच नवी करावी लागणार होती. प्रोजेक्ट जमा करायचा आठवडा जवळ आला होता आणि लॅबमधल्या मशीन कायम दुसऱ्यांच्या ताब्यात. मी घरात धुसफुस सुरू केली, दोन वेळा जेवले नाही, आणि बाबांनी काकांना फोन करून पुढचा रविवार ठरवला. काकांनी नेहमीसारखंच "या" म्हटलं.

त्या रविवारी मी आणि बाबा सकाळीच पोहोचलो. काकू दारात आल्या तेव्हा त्यांनी जांभळ्या काठाची रेशमी साडी नेसली होती, केसात गजरा होता. बैठकीत कॉम्प्युटरच्या टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ घातलेला, मॉनिटरसमोर दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या. बाबा चपला काढता काढता थांबले आणि म्हणाले की तुम्हाला कुठं जायचं असेल तर आम्ही नंतर येतो. काकूंनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "छे, छे, कुठं जाणार आम्ही? चालू द्या तुमचं." एवढं झाल्यावर बाबा पुन्हा एकदा नको म्हणाले, काका पुन्हा एकदा बसा म्हणाले, आणि आपल्याकडे जितक्या वेळा व्हायला हवं तितक्या वेळा हे झाल्यावर आम्ही बसलो. बाबांनी काकांच्या सीपीयूच्या तारा काढून आमच्या सीपीयूला लावल्या. मी हुकूम दिला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या, आणि खाली उरलेला वेळ दिसू लागला. तो वेळ बघून बाबांनी मला हळूच विचारलं की हे बरोबर आहे ना. मी म्हटलं, हो, मोठं अपडेट आहे, दुपार होईल.

मला त्या पडद्यासमोर बसायला आवडायचं, हेही खरं सांगते. काका मागून येऊन चष्म्यातून त्या ओळी वाचायचा प्रयत्न करायचे आणि मी त्यांना समजावून सांगायचे, आणि या घरात मी कुणीतरी आहे असं मला वाटायचं. त्या दिवशी मात्र काका फार फिरत होते. बैठकीत यायचे, घड्याळ बघायचे, आत जायचे. बाराच्या सुमारास ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बेटा, हे मधे थोडा वेळ थांबवता येतं का?"

मी मान न वळवता सांगितलं की नाही काका, मधे थांबवलं तर सगळी सिस्टम बसेल, पुन्हा चालूच होणार नाही. मी खोटं बोलले नाही. मला तसंच सांगितलं गेलं होतं आणि मला ते तसंच वाटत होतं. पण ज्या खात्रीनं मी ते सांगितलं, ती खात्री माझ्याकडे नव्हती. काका लगेच म्हणाले, "नको नको, मग राहू दे. मी सहज विचारलं."

जेवायला बसलो तेव्हा पानात शेवयांची खीर होती, भरपूर काजू घातलेली, शिवाय अळूवडी आणि साधं वरण, वर तुपाची धार. बाबांनी विचारलं आज काय विशेष, तर काकू म्हणाल्या, "काही नाही, असंच." आम्ही दोघांनी खीर दोनदा घेतली. बाबांनी तिसऱ्यांदाही वाटी पुढे केली असती, पण मीच त्यांच्याकडे बघितलं. जेवण होऊन आम्ही पुन्हा पडद्यासमोर येऊन बसलो तोच आतल्या खोलीत फोन वाजला. काका हळू आवाजात बोलत होते, "हो रे, आज लाइन खराब आहे इकडे. दिसत नाही काही. आईला देतो, तिला ऐकू दे." मग आतून काकूंचा गाण्याचा आवाज आला. पाळण्याचं गाणं होतं, संथ, एकेक ओळ थांबून थांबून म्हटलेलं. मधेच आवाज तुटायचा आणि पुन्हा लागायचा. बाबा डोळे मिटून, मांडीवर बोटानं ताल धरून ऐकत होते. थोड्या वेळानं काकू पाणी घेऊन बाहेर आल्या, तेव्हा बाबा अगदी मनापासून म्हणाले, "वहिनी, आवाज फार गोड आहे तुमचा. मंडळात का गात नाही?" काकू कसनुसं हसल्या आणि तांब्या ठेवून आत गेल्या.

दुपार कलली तेव्हा लाइट गेली. इन्व्हर्टर पंख्यापुरताच होता, सीपीयू बंद पडला, मोडेमचे हिरवे दिवे विझले. आता सगळं गेलं, असं वाटून मी रडायच्या बेतात होते. पण लाइट आल्यावर मशीन नीट चालू झालं, आणि मी पुन्हा हुकूम दिला तर जेवढं उतरलं होतं तेवढं जागेवर होतं, आणि ते जिथं थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. मी आनंदानं बाबांना दाखवलं. उतरवून घेताना थांबवलं तर काही बिघडत नाही, नंतर बसवताना थांबवायचं नसतं, हा फरक मला तिथं कळला. काका तेव्हा बाहेर पायऱ्यांवर बसले होते. मला त्यांचा मघाचा प्रश्न आठवलाही नाही. संध्याकाळी आम्ही चादरीत सीपीयू गुंडाळला, वाकून नमस्कार केला आणि घरी आलो. प्रोजेक्ट वेळेत जमा झाला. मार्क चांगले मिळाले.

आता माझ्या घरात तीन मशीन आहेत आणि त्या मला न विचारता काहीतरी उतरवत असतात. कोपऱ्यात पट्टी येते, नंतर करू का म्हणून विचारते, मी "नंतर" दाबते. माझा मुलगा म्हणतो, आई, तू कायम नंतरच म्हणतेस.

त्या रविवारनंतर काही दिवसांनी आई तात्यापाऱ्यात गेली होती, नेहमीसारखी दुपारी. परतली ती लवकरच. मी कॉम्प्युटरवर होते, बाबा पेपर वाचत होते. आई खोचलेला पदरही न सोडता आमच्या दोघांच्या मधे उभी राहिली. काकूंनी तिला नातवाचे फोटो दाखवले होते, पोस्टानं आलेले. पाळणा, फुलं, घुगऱ्या, सगळं. आईनं सहज विचारलं की बारसं कधी झालं, आणि काकू बोलून गेल्या की झालं ना, त्या रविवारी. मग त्यांनी जीभ चावली आणि विषय बदलला, पण आईनं सोडलं नाही. हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या रविवारी दुपारी प्रशांतदादा कॉम्प्युटरवरून बारसं दाखवणार होता. नाव ठेवताना काकूंनी इथून पाळणा म्हणायचा आणि ते सगळ्यांनी तिथं बघायचं, असं ठरलं होतं. दादाला सुटी त्याच दिवशी मिळाली, हे काकांनी बाबांना "या" म्हटल्यानंतर कळलं, आणि एकदा या म्हटलेल्या माणसाला येऊ नका कसं म्हणायचं. त्यासाठी काकांनी महिनाभर नेट उघडलंही नव्हतं, सगळा डेटा राखून ठेवला होता. तो आम्ही संपवला. संध्याकाळी आम्ही गेल्यावर त्यांनी दादाला लावून बघितलं, पण काकांनीच भीतीनं लगेच बंद करून टाकलं, आता किती बिल येईल कोण जाणे म्हणून.

आई म्हणाली, "तिनं फोनवर पाळणा म्हटला. अन् तुम्ही बाहेर बसून बारशाची खीर खाऊन राहिले होते."

बाबांनी पेपर खाली ठेवला. त्यांना ते गाणं आठवलं असणार, आणि आपण काय बोललो होतो तेही, कारण त्यांचे कान लाल झाले. मला तर काकांचा प्रश्न आठवला, शब्दन्‌शब्द. लाज वाटते तेव्हा माणसाला तोंड लपवावंसं वाटतं म्हणतात. मला त्या मशीनची तार उपटून फेकावीशी वाटली, जणू सगळं तिनंच केलं. पण मी कुणाला काही बोलले नाही. ते थांबवता आलं असतं ही गोष्ट त्या खोलीत फक्त मला ठाऊक होती. बाबांनाही मी ती त्या दिवशी दाखवली होती, पण त्यांना त्यातलं काही समजलं नव्हतं.

आईनं माफी मागायला जायचं ठरवलं, आणि तिच्या मते रिकाम्या हातानं माफी मागता येत नाही. तिनं तिची सगळ्यात मऊ झालेली मलमलची साडी फाडली आणि बाळासाठी झबली-टोपडी शिवायला घेतली. बाळाला नवं कापड बोचतं, असं तिचं म्हणणं. तिनं कडांना पिवळ्या दोऱ्याची बारीक नक्षी काढली. आठवडाभर मशीन चालू होती, आणि माझ्या मॉनिटरवरची अक्षरं थरथरत होती, आणि मला काही म्हणायची हिंमत नव्हती. एका संध्याकाळी आम्ही तिघं स्कूटरवर बसून तात्यापाऱ्यात गेलो.

काकूंनी झबली हातात घेऊन गालाला लावली. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या, पण चांगलं. पुढच्या महिन्यात कुणीतरी तिकडे जाणार आहे, त्याच्या हाती नक्की पाठवते म्हणाल्या. मग त्या आणि आई झबल्याच्या बंदांवरून बोलू लागल्या, तुमच्याकडे दोन बंद लावतात का एक, आणि आई हसली. तिचं ते मोठं हसू. मला वाटलं, झालं, निभावलं. काकू उठून आत जाऊन चहाचं आधण ठेवून आल्या, आल्याचा वास बैठकीत आला. बाबा एवढा वेळ खाली बघून बसले होते, त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले की वहिनी, त्या दिवशी आमच्यामुळे फार मोठं नुकसान झालं तुमचं. काकूंनी त्यांना पुरं बोलूही दिलं नाही.

"तुम्ही काय करणार भाऊ? ते मशीनच तसं. मधे थांबवता येत नव्हतं ना. ही म्हणालीच होती की. मी हेच समजावते मनाला, की आपल्या हातात नव्हतं ते."

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, प्रेमानंच. मला ते सहन झालं नाही. मला वाटलं, खरं सांगून टाकलं की बरं वाटेल. मला बरं वाटेल, एवढाच विचार होता, आज मागे बघते तेव्हा दुसरा कुठलाच सापडत नाही. मी म्हणाले, आणि कधी नव्हे ते मराठीत म्हणाले, "काकू, ते थांबवता आलं असतं. मला नंतर कळलं. लाइट गेल्यावर ते जिथं थांबलं होतं तिथूनच पुन्हा सुरू झालं."

मग काकूंनी विचारलं, "म्हणजे पाळण्यापुरतं थांबवलं असतं, तर चाललं असतं?"

"हो."

"काहीच बिघडलं नसतं?"

"नाही."

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी एकदाच विचारलं होतं, दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं, आणि ते आता चष्मा काढून पुसत होते. काकूंनी झबल्याची घडी घातली, मांडीवर ठेवली, पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. मग त्या उठून आत गेल्या. आम्ही वाट बघत राहिलो. स्वयंपाकघरातून गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला, आणि कपांचा आवाज आला नाही. बराच वेळ गेल्यावर बाबा उठले आणि येतो म्हणाले. त्या घरातून चहा न घेता आम्ही कधी निघालो नव्हतो. काका दारापर्यंत आले आणि "बरं" म्हणाले.

पायऱ्या उतरून आम्ही स्कूटरपाशी आलो. बाबा किक मारत होते, ती लागत नव्हती. आई माझ्याकडे न बघता, दिवे लागलेल्या गल्लीकडे बघत बोलली.

"तिनं मनाले समजावलं होतं, पोरी. तू काहून सांगतलं? आता मी बोलू कोनासंग?"